विसांत सात दाणे कच्चे

टीव्हीवर स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा ओटा कधीच ओला नसतो. माझा पहिला संशय हा. आमच्या परभणीच्या घरात नुसता चहा झाला तरी ओट्यावर पाण्याचे थेंब, साखरेचे दहा-बारा कण आणि गाळणीतून निसटलेली पत्ती दिसते. तिथे तो माणूस बावीस मिनिटांत तीन पदार्थ करतो आणि ओटा आरशासारखा. एका रविवारी मी वही घेऊन बसलो आणि मोजलं. अकरा काचेच्या वाट्या, सात चमचे, चार कढया, दोन तवे. त्यातलं एकही भांडं विसळताना कुणी दिसलं नाही. ओट्याला नळ होता, पण तो नळ सुरू झालेला मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

दुसरा संशय घड्याळाचा. कांदा 'छान लालसर होईपर्यंत' परतायचा असतो आणि तो चाळीस सेकंदांत लालसर होतो. आमच्या गॅसवर दोन मध्यम कांद्यांना अकरा मिनिटं लागतात. तीनदा मोजलं. एकदा साडेअकरा लागली.

मी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो. शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, असे चार कागद गुंडाळून ठेवायचे, आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले, किती कुजले, किती नुसतेच फुगून राहिले ते लिहायचं. पिशवीवर काय छापलंय ते वाचत बसायचं नाही, दाण्याकडे पाहायचं, ही आमच्या कामाची रीत. सव्वीस वर्षं हे केल्यावर माणूस संशयी होतो, की संशयी माणूसच तिथे टिकतो, हे मला नक्की सांगता येणार नाही.

बायको मात्र हे कार्यक्रम मनापासून पाहते. दुपारी टीव्हीवर आणि एरवी मोबाइलवर. तिची एक वही आहे. खोटं कशाला सांगू, त्या वहीतल्या दोन गोष्टी उपयोगी पडल्या. आल्याची साल चमच्यानं खरवडून काढली की आलं वाया जात नाही, ही एक. आणि भेंडी धुऊन पुसल्याशिवाय चिरू नये, ही दुसरी. पण दुसरी आईला आधीच माहीत होती. म्हणजे एकच धरावी.

मला खरा राग आहे तो चाखण्याचा. स्पर्धेत परीक्षक येतात, ताटातला एक चमचा तोंडात घालतात, डोळे मिटतात आणि पुढच्या ताटाकडे जातात. पहिला चमचा कुणाचाही बरा लागतो. पदार्थ कसा झालाय ते दहाव्या घासाला कळतं. आणि ते उरलेलं ताट पुढे कुठे जातं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हा प्रश्न आमच्या घरात साधा नाही. आमच्यात ताटात टाकत नाहीत. महादेवाला दाखवलं की अन्नाचा प्रसाद होतो, आणि प्रसादाचं शीतही वाया जाऊ द्यायचं नाही. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घ्यायचं, बोटानं ताट विसळायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. लहानपणापासून असंच चालत आलंय. त्यामुळे एक चमचा खाऊन भरलं ताट मागे ठेवणारा माणूस दिसला की मला तो पाहुणा वाटत नाही, तपासनीसही वाटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत तपासणीला काढलेल्या नमुन्याचासुद्धा हिशोब द्यावा लागतो.

आईचं भांडण वेगळं होतं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गेल्या ज्येष्ठात न्हाणीत पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून ती दुपारी टीव्हीसमोर बसू लागली. नैवेद्याच्या आधी स्वयंपाक चाखायचा नाही, हे तिचं उभ्या आयुष्याचं शिस्तीचं कलम. आणि समोरचा तो पांढऱ्या कोटातला प्रसिद्ध शेफ दर दोन मिनिटांनी रस्सा चाखायचा आणि तोच चमचा पुन्हा भांड्यात बुडवायचा.

"बघ, पुन्यांदा घातला," आई म्हणाली. "उष्टं करायलाय अन् लोकांला वाढायलाय."

मीठ कळायला चाखावंच लागतं, असं बायकोनं सांगून पाहिलं.

"मीठ डोळ्यानं कळतंय, बाई. तोंडानं कळंल त्यो काय सैपाक."

मीठ डोळ्यानं कसं कळतं, याचा खुलासा तिनं केला नाही. तो खुलासा आम्हाला पुढे फार लागणार होता.

कारण श्रावण जवळ आला होता. चारठाण्याच्या बाजूला आमचं मूळ गाव आहे. तिथल्या मठात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गावजेवण असतं आणि त्यातली हुग्गी आमच्या घराकडे असते. हुग्गी म्हणजे सडलेल्या, म्हणजे ओलवून कांडून साल काढलेल्या गव्हाची, गुळाची घट्ट खीर. वर दूध आणि तूप. ही हुग्गी एकतीस वर्षं आईनं केली. माझं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, आणि या चोवीस वर्षांत बायकोनं मठात वरण केलं, भात केला, खोबरं किसलं, वेलची कुटली. हुग्गीच्या डेगीला तिनं हात लावला तो फक्त घासताना. तिनं कधी मागितली नाही आणि आईनं कधी दिली नाही.

आता आईला डाव उचलणं शक्य नव्हतं. मठाची व्यवस्था पाहणारे आमचे एक चुलतकाका घरी येऊन बसले. चहा घेतला, आईच्या हाताची चौकशी केली आणि मग म्हणाले की सेलूला एक आचारी आहे, दोनशे-चारशे पानांची कामं करतो. खिशातून त्याचं कार्ड काढलं. कार्डावर त्याचा उंच पांढऱ्या टोपीतला फोटो होता, हातांची घडी घातलेला, टीव्हीतल्यासारखा.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, यंदा मी करते."

काका आईकडे बघायला लागले. आई टीव्हीकडे बघत होती. शेवटी काका म्हणाले, "कर की. अडीचशे माणूस हाय. बिघडली तर मग पुढच्या सालापासून हाच माणूस. त्याला नुसता फोन करायचाय."

ते कार्ड टीपॉयवर राहिलं. बायकोनं ते उचलून फ्रिजवर चुंबकानं लावलं. रोज दूध काढताना दिसायला पाहिजे, म्हणाली.

त्याच दिवशी तिनं आईला प्रमाण विचारलं. मी वही-पेन घेऊन बाजूला होतो. गहू किती? "माणसं बघून." गूळ किती? "गव्हाला पुरंल तेवढा." पाणी किती? "चार बोटं वर." चार बोटं म्हणजे किती, ते मी आईच्या डाव्या हातावर फूटपट्टी ठेवून मोजलं. साडेसहा सेंटीमीटर भरले. पण पाण्याची फक्त उंची कळून लिटर निघत नाही, आणि भांड्याची रुंदी विचारली तर आई म्हणाली, कोणतं का भांडं असंना.

तेव्हा मला आईचाही संशय आला, हे लिहून ठेवतो. मला वाटलं, तिला सांगायचं नाही. एकतीस वर्षं सांभाळलेली वस्तू कुणी सहज देत नाही. बायकोच्याही मनात तेच असावं. त्यानंतर आईला विचारणं तिनं बंद केलं आणि मोबाइलवर शोधायला लागली.

आणि तिला सापडलं. तोच पांढऱ्या कोटातला शेफ, आणि 'मराठवाड्याची पारंपरिक हुग्गी', चौदा मिनिटांत. तो सांगत होता की खपली गहू ओलवून कांडण्याची काही गरज नाही. घरातला कोणताही गहू चालतो. रात्रभर भिजवा, कुकरला चार शिट्ट्या घ्या, गूळ घाला. झाली हुग्गी. हे सांगताना त्यानं एक चमचा चाखला आणि डोळे मिटले.

बायको खूश झाली. तिला कांडण्याचीच धास्ती होती. मी म्हणालो, जरा मागे घे. तिनं मागे घेतलं. कुकरमध्ये गहू जातो तिथे मी चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. दाणा बुटका, फुगीर, पिवळसर. बाजारात शरबती म्हणून मिळतो तो. मग कुकर उघडतो तिथे थांबवलं. दाणा लांब, सडपातळ, तांबूस आणि मधोमध चिरलेला. ती खपली होती, आणि चांगली सडलेली होती. आत गेला तो गहू आणि बाहेर आला तो गहू, या दोन जाती होत्या. शिट्टीनं गव्हाची जात बदलत नाही.

मी हे बायकोला सांगितलं. तिनं मोबाइल काढून घेतला.

"लॅबमधनं घरी आलात तरी दाणेच मोजायलात," ती म्हणाली. "तुमाला सगळीकडं भेसळच दिसती."

"भेसळ न्हाई. अदलाबदल."

"बरं, अदलाबदल. एवढा मोठा माणूस, त्याला काय पडलंय?"

ते मलाही माहीत नव्हतं. तो मुद्दाम फसवत असेल असंही मी म्हणत नाही. कुणीतरी सहायकानं आदल्या दिवशी नीट शिजलेली हुग्गी आणून ठेवली असेल आणि ती नीट शिजावी म्हणून खपली वापरली असेल. म्हणजे ज्याला प्रत्यक्ष शिजवायचं होतं त्याला खपलीच लागते हे ठाऊक होतं. ज्याला नुसतं सांगायचं होतं त्याला कोणताही गहू चालत होता.

आम्ही करून पाहिलं. अर्धा किलो शरबती गहू, त्यानं सांगितलं तसाच. चार शिट्ट्या झाल्यावर दाणा वरून मऊ लागला, म्हणून बायकोनं गूळ घातला. मग पाऊण तास उकळूनही काही फरक पडेना. नैवेद्य दाखवून आम्ही तिघं जेवायला बसलो. दाणा दाताखाली वाजत होता. आईचे खालचे दात थोडेच उरलेत, पण तिनं वाटी संपवली, पाणी घालून विसळली, प्यायली, आणि मग म्हणाली, "गुळात खडे टाकल्यावानी झालंय." थोडं थांबून पुढे म्हणाली, "गूळ पडला की गहू हाय तिथंच ऱ्हातोय. पुढं शिजत न्हाई."

ही पहिली उपयोगी गोष्ट तिनं सांगितली. आम्ही विचारली नव्हती म्हणून सांगितली नव्हती. आम्ही प्रमाण विचारत होतो.

टाकायचं नाही हा नियम असल्यामुळे ती अर्ध्या किलोची हुग्गी आम्हाला दोन दिवस पुरली. चौथ्या वाटीला मी त्या शेफबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही. पण मला एक गोष्ट पक्की कळली. आईही अंदाजानं सांगते आणि तोही 'चवीनुसार' म्हणतो. फरक एवढाच की आईला त्याच पंगतीत जेवायला बसावं लागतं. तो डोळे मिटतो आणि बावीस मिनिटांनी त्याचं काम संपतं. आमच्या वाटीत काय राहिलं ते पाहायला तो नसतो.

यानंतर मी चूक केली. शेफ खोटा ठरला म्हणून मी स्वतःला खरा धरलं. मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, सडलेली खपली आणली आणि बायकोला बरोबर घेऊन अर्ध्या किलोची पुन्हा चाचणी घेतली. या वेळी सगळं तोलून, मोजून. पाणी चार लिटर, शिजायला दोन तास दहा मिनिटं, मग गूळ. चांगली झाली. आईनं वाटी विसळून प्यायली. मी एका मोठ्या कागदावर तक्ता केला. अर्धा किलो बारा माणसांना, तर अडीचशेला साधारण दहा किलो. म्हणून वेळ सोडून सगळ्याला वीसनं गुणलं. पाणी ऐंशी लिटर. पेटवल्यापासून अडीच तासांनी गूळ. वीस मिनिटं मी सावधगिरी म्हणून वाढवली होती. कागदाला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

सोमवारी सकाळी साडेसातला मठाच्या आवारात चूल पेटली. आईला वट्ट्यावर सतरंजी टाकून बसवलं होतं. डेग चुलीवर चढली, भिजलेला गहू आत गेला, आणि मी दहा लिटरच्या बादल्या मोजायला लागलो. चौथ्या बादलीला बायकोनं हात वर केला. ती डेगीत वाकली आणि आपल्या हाताची चार बोटं गव्हावर आडवी धरून पाहिली.

मी म्हणालो, अजून चाळीस लिटर बाकी आहे.

"लागलं तर तापवून घालता येतंय," ती म्हणाली. "घातलेलं काढता येत न्हाई. कागद खिशात ठेवा."

माझ्या डोक्यात आलं नव्हतं ते असं. घरच्या उघड्या पातेल्यात अर्ध्या किलोचं पाणी भराभर उडून जातं; डेगीत दहा किलोवर झाकण ठेवलं की तसं उडत नाही. भांडं वीसपट झालं म्हणून वाफ वीसपट होत नाही. 'कोणतं का भांडं असंना' या आईच्या बोलण्यात हे सगळं होतं. मी ऐंशी लिटर ओतलं असतं तर अडीचशे माणसांना गव्हाचं कढण प्यावं लागलं असतं. शेवटी सगळं मिळून बावन्न लिटर लागलं. तेवढं मी मोजलंच.

दहा वाजले. माझ्या तक्त्याप्रमाणे गुळाची वेळ झाली. बायकोनं डावानं तळातून गहू वर आणला, एक दाणा अंगठ्याखाली दाबला, आणि पुन्हा झाकण ठेवलं. सव्वादहाला पुन्हा तेच. मठात माणसं जमायला लागली होती. बाराला नैवेद्य. गूळ पडल्यावर अजून पाऊण तास लागतो हे सगळ्यांनाच माहीत होतं. काका दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते थेट गुळाच्या ढेपांपाशी उभे राहिले.

"टाका की गूळ," ते म्हणाले. "दिसतंय की शिजलंय. लोक खोळंबलेत."

वरून खरंच शिजलेलं दिसत होतं. दाणा फुटला होता, पाणी दाट झालं होतं. टीव्हीवर असतं तर इथे डोळे मिटले असते. चाखून पाहायची सोय नव्हती. नैवेद्य व्हायचा होता. बायकोनं डावातले चार दाणे पळसाच्या पानावर घेतले आणि वट्ट्यावर आईपुढे नेऊन धरले. चोवीस वर्षांत तिनं आईला अशा तऱ्हेनं काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

आईनं पानाकडे पाहिलं, हात लावला नाही.

"मला काय दाखवतीस. डेग तुझी हाय. तुला काय वाटतंय ते सांग."

बायकोनं पानावरचा एक दाणा अंगठ्याखाली दाबला. मग म्हणाली, "अजून पाऊण तास."

काकांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळले. माझा तक्ता त्यांनी सकाळीच पाहिला होता. तू तर सगळं लिहून आणलंयस, तुझ्या कागदावर काय आहे ते सांग, म्हणाले.

कागदावर काय होतं ते मला ठाऊक होतं. कागद काकांच्या बाजूचा होता. पण पिशवीवरचं वाचायचं नाही, दाण्याकडे पाहायचं, हे मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलोय. मी एक स्टीलची थाळी पालथी घातली. डेगीच्या मधून, कडेनं आणि तळातून मिळून वीस दाणे काढून घेतले, ओळीनं मांडले, आणि एकेक अंगठ्यानं दाबला. शिजलेला दाणा दबून एकसारखा पसरतो. कच्च्याच्या पोटात खडूसारखा पांढरा ठिपका राहतो. मी मोजलं, काका वाकून बघत होते.

"विसांत सात कच्चे," मी म्हणालो. "आता गूळ टाकला तर दर तीन दाण्यांत एक दाताखाली येणार."

काका सरळ उभे राहिले. गेले आणि लोकांना सतरंज्या अंथरायला सांगितल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नंतर नात्यातल्या काही जणांनी मी हुग्गी वाचवली असं म्हटलं. ते बरोबर नाही. पाऊण तास हे बायकोनं मी मोजायच्या आधी सांगितलं होतं. मी फक्त मोजून काकांना गप्प केलं.

पावणेअकराला विसांत तीन निघाले. सव्वाअकराला एकही नाही. मग बायकोनं गूळ सोडला, बडीशेप, सुंठ, खोबरं, खसखस घातली, आणि डाव दोन्ही हातांनी धरून ढवळत राहिली. नैवेद्याला बारा वाजून वीस मिनिटं झाली. ती वीस मिनिटं काकांनी नंतर तीन जणांना ऐकवली.

दाबलेले साठ दाणे मी पानात बाजूला ठेवले होते. टाकायचे तर नाहीत. नैवेद्य झाल्यावर मी ते खाल्ले. अगोड होते. त्यातले दहा अजूनही कडक होते.

पंगती बसल्या आणि खरी अडचण सुरू झाली. आमच्याकडे प्रसादाला नावं ठेवत नाहीत आणि त्याचं कौतुकही करत नाहीत. आणि ताटात कुणीच काही टाकत नाही. हुग्गी उत्तम झाली तरी ताट स्वच्छ, बिघडली तरी ताट स्वच्छ. पंगतीकडे बघून काहीही कळत नाही. टीव्हीवर एका चमच्यावर माणसं रडतात. इथे अडीचशे माणसं पोटभर जेवून ताट विसळून प्यायली, आणि बायको खांबाआड उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

तेव्हा मी एकच मोजता येण्यासारखी गोष्ट मोजली. दुसऱ्यांदा हुग्गी कोण मागतं. पहिल्या पंगतीत अठ्ठ्याऐंशी पानं, दुसऱ्यांदा घेणारे एकावन्न. दुसऱ्या पंगतीत नव्वदातले अठ्ठेचाळीस. मी खांबापाशी जाऊन बायकोला आकडे सांगितले. तिनं विचारलं, मागच्या साली किती होते? मागच्या साली मी मोजले नव्हते. तुलनेला दुसरा आकडा नसेल तर पहिल्याला अर्थ नसतो, हे मीच तिला कधीतरी सांगितलेलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा पंगतीकडे बघायला लागली. काकांनी एकदाच घेतली, पण त्यांना साखरेचा त्रास आहे, तेव्हा ते धरता येत नाहीत.

शेवटच्या पंगतीला बायका बसल्या. आई त्यांच्यात. उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नव्हती, म्हणून ती हळूहळू जेवत होती. बायको वाढत वाढत तिच्यापर्यंत आली आणि हुग्गी घेऊन वाकली. आईनं ताटावर हात आडवा धरला. नको. पहिली अजून होती. बायको पुढे गेली. मी दूर होतो, पण तिची पाठ मला दिसत होती.

सगळ्या उठल्या तरी आई बसून होती. तिनं शेवटचा घास घेतला. ताटात पाणी ओतलं, डाव्या हाताच्या बोटानं कडेकडेनं फिरवलं, ताट तोंडाला लावलं. मग ते खाली ठेवलं आणि बायकोला जवळ बोलावलं. आम्हाला दोघांनाही वाटलं, आता काहीतरी निघालं.

"गहू सांजच्याला भिजू घातले व्हते न्हवं?" आई म्हणाली.

हो, म्हणाली बायको.

"म्हणून येळ लागला. पुढच्या साली दुपारीच घालीत जा."

आणि तिनं उठायला हात पुढे केला. बायकोनं तिला धरून उठवलं.

 परभणीला घरी आल्यावर बायकोनं फ्रिजवरचं ते टोपीवाल्याचं कार्ड काढलं आणि मला म्हणाली, तुमचा तो तक्ता द्या. मी कव्हरातून काढून दिला. वाटलं, चुका दुरुस्त करून ठेवणार. तिनं तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: गहू आदल्या दिवशी दुपारी. त्याखाली: पाणी चार बोटं. त्याखाली: दाणा दाबून.

किती वाजता, असं मी विचारलं. दुपारी म्हणजे बारा की तीन?

तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली, आणि टीव्हीवाल्या पदार्थांच्या वहीत न ठेवता डब्यांच्या फडताळात, खपलीच्या डब्याखाली सरकवली.